आपला नंबर कधी लागणार?

(बीड जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या अंबाजोगाई येथील शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'कृत्रिम बुद्धिमत्ता, संगणकाचा बाजार आणि आपण' असा छापलाय. सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी मला गाठलं आणि विचारलं, "ताई, हे काय नवीन काढलंत? आपल्याकडं फडावरच्या बायकांचे प्रश्न आहेत, पिशवी काढलेल्या बायका आहेत, बालविवाह आहेत. कॉम्प्युटरच्या भावाशी आपला काय संबंध?" वर्षभरापूर्वी मला कुणी हा विषय दिला असता तर मीही हेच विचारलं असतं. मी एम. एस. डब्ल्यू. केलंय, संगणकशास्त्र शिकलेली नाही. तेव्हा माझ्याकडून तज्ज्ञाच्या व्याख्यानाची अपेक्षा ठेवू नका. गावातल्या एका खोलीत मुलींसाठी संगणक वर्ग काढायला निघालेल्या बाईला बाजारात काय अनुभव आला, आणि त्याचं कारण शोधताना तिला काय काय समजलं, एवढंच मी सांगणार आहे.

आमचं काम केज आणि धारूर तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर चालतं. दसरा-दिवाळी झाली की ही गावं कशी रिकामी होतात ते तुम्हाला सांगायला नको. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि काही लेकरं. मुलगी वयात आली की तिला आजीच्या भरवशावर ठेवायला आई-बाप घाबरतात. फडावर नेलं तर तिथं कोपीला दार नसतं. मग सोपा मार्ग म्हणजे लग्न. लग्न झालं की जोडी झाली, जोडी झाली की कोयता झाला, कोयता झाला की उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास ४४ टक्के बायकांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे शंभरातल्या चव्वेचाळीस. ही आपल्याच जिल्ह्याची गोष्ट आहे.

म्हणून आम्ही असं ठरवलं की या मुलींना गावात राहण्यासाठी एक सबळ कारण द्यायचं. नुसतं "शिकव" म्हटलं तर बाप ऐकत नाही. पण एम.एस.-सी.आय.टी. म्हटलं की ऐकतो, कारण सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ते नाव त्यानं वाचलेलं असतं. वीस मुली, दोन तुकड्या आणि दहा संगणक असा आमचा हिशेब होता. संगणक नवे नकोच होते, जुने दुरुस्त केलेले चालणार होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मी एका दुकानातून कोटेशन आणलं. एका हितचिंतक बाईंनी पैसे द्यायचं कबूल केलं. नेमकी त्याच महिन्यात अतिवृष्टी झाली. सिंदफणेला पूर आला, शेतं खरवडून गेली, आणि आम्ही सगळ्याजणी मदतीच्या कामाला लागलो. पैसे हातात येऊन मी दुकानात जाईपर्यंत डिसेंबर उजाडला.

दुकानदारानं माझ्या हातातला कागद पाहिला आणि हसून म्हणाला, "ताई, हे आता फाडून टाका. मशीन देतो, पण रॅमचा भाव विचारू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सकाळी एक भाव येतो आणि संध्याकाळी दुसरा." मला वाटलं, बाई एकटी आलीय म्हणून हा लुबाडतोय. मी लातूरला फोन केला, छत्रपती संभाजीनगरला केला, पुण्याच्या मैत्रिणीला दुकानं फिरायला लावलं. सगळीकडं तेच. ज्या पैशात दहा संगणक बसत होते, त्यात सहा बसत होते.

वीस मुलींतली एक सतरा वर्षांची. तिचं नाव मी सांगत नाही. तिच्या बापानं आमच्या शब्दावर तिला आजीजवळ ठेवलं होतं. दिवाळी झाली, वर्ग सुरू झाला नाही. डिसेंबर सरत आला तसा तो फडावरून आला आणि तिला घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, "मशिनी आल्या की कळवा ताई, आणून सोडतो." फडावरून असं कुणी आणून सोडत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. रॅम महागली म्हणून ती पोरगी फडावर गेली, असं मी म्हणणार नाही. ती गरिबीमुळं गेली, मुलगी असल्यामुळं गेली. पण तिला धरून ठेवायला आमच्या हातात एकच दोरी होती, ती ऐन वेळी तोकडी पडली. आणि ती का तोकडी पडली, हे समजून घेतल्याशिवाय मला स्वस्थ बसवेना.

आता ही रॅम म्हणजे काय? वीतभर लांबीची एक हिरवी पट्टी, तिच्यावर काळे चौकोन. फोनमध्ये तेच चौकोन आत बसवलेले असतात. आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. कणगीत धान्य साठवतो आणि परातीत पीठ मळतो. फोनच्या खोक्यावर ६४ जीबी, १२८ जीबी लिहिलेलं असतं ती कणगी. २ जीबी, ४ जीबी लिहिलेलं असतं ती परात, म्हणजे रॅम. कणगी कितीही भरलेली असो, परात लहान असेल तर एका वेळी तेवढंच पीठ मळता येतं. जास्त घातलं की बाहेर सांडतं. फोन 'हँग होतो' म्हणतो आपण, तो बऱ्याचदा परात पुरत नाही म्हणून.

जगातली ही मेमरी मुख्यतः तीन कंपन्या बनवतात. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. सुमारे नव्वद टक्के बाजार या तिघींच्या हातात आहे. २०२२-२३ मध्ये माल जास्त झाला, भाव कोसळले, कंपन्यांना मोठा तोटा झाला आणि त्यांनी उत्पादन कमी केलं. नवा कारखाना काढायचा तर वर्षानुवर्षं लागतात. त्याच काळात कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली. प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी ही यंत्रं चालतात ती मोठमोठ्या डेटा सेंटरमधून. त्यांना लागणारी खास मेमरी भाकरीच्या चवडीसारखी असते, एका चिपवर दुसरी, दुसरीवर तिसरी. ती बनवायला त्याच कारखान्यातली तीच सिलिकॉनची चकती लागते, पण कितीतरी जास्त. तेवढ्याच जीबीसाठी साध्या मेमरीच्या साधारण तिप्पट चकत्या खर्ची पडतात, असं मायक्रॉननंच सांगितलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआय या अमेरिकन कंपनीनं दोन्ही कोरियन कंपन्यांशी प्राथमिक करार केले. त्यात महिन्याला ९ लाख चकत्यांचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉननं जाहीर केलं की 'क्रुशियल' या नावानं तुमच्या-आमच्यासारख्या गिऱ्हाइकांना सुटी मेमरी विकणं ती बंद करणार. जिथं नफा जास्त, तिथं माल वळवला. दुकानातली सुटी रॅम २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट महाग झाली, ती अशी.

आणि जुन्या संगणकांचं काय? त्यांना जुन्या पद्धतीची मेमरी लागते. ती बनवणं कंपन्या आवरतं घेत होत्या, त्यामुळं तिचे भाव २०२५ च्या मध्यापासूनच चढले. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा आधार संपला. चांगले चालणारे लाखो संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. म्हणजे वरून सांगितलं जातं की नवं घ्या, आणि नवं घ्यायला जावं तर भाव आभाळाला भिडलेले.

मला हे सगळं समजलं ते आपल्याच शब्दात. ही उचल आहे. कारखाना हंगामाच्या आधी मुकादमाला उचल देतो, मुकादम जोड्यांना देतो, आणि टोळी बांधली जाते. ज्याच्याकडं आगाऊ पैसा, त्याचा ऊस आधी तुटतो. लहान शेतकऱ्याचा ऊस रानात उभाच राहतो. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात मे महिना उलटला तरी ऊस उभा होता, तुऱ्यावर आला होता, आठवतं ना? ऊस पिकला नव्हता असं नाही, कोयतेही होते. नंबर लागत नव्हता. तसंच आज मेमरीचं झालंय. मेमरी बनतेय, पूर्वीपेक्षा जास्त बनतेय. पण मोठ्यांची उचल आधीच पोचलीय, आणि आपण रानात उभ्या आहोत.

तुम्ही म्हणाल, नसला संगणक तर नसला. आपल्या आया कुठं कॉम्प्युटरवर बसल्या होत्या? मैत्रिणींनो, हे आपण म्हणू शकलो असतो, जर सरकारनं आपला हक्क फोनमध्ये नेऊन ठेवला नसता. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं गरोदर आणि स्तनदा मातांना, लहान लेकरांना आहाराचा हक्क दिला. आज तो आहार अंगणवाडीतून घरी न्यायचा तर १ जुलै २०२५ पासून पोषण ट्रॅकरवर चेहरा दाखवावा लागतो. सेविकेच्या फोनला तो चेहरा ओळखता आला पाहिजे. लाडकी बहीण योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. बाईचा आधार, नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार, आणि मोबाइलवर येणारा ओटीपी. किती बायकांनी त्या दिवसांत सेवा केंद्राच्या दारात दिवस-दिवस काढले, ते तुम्ही पाहिलंय. ज्यांचा नवरा गेलाय किंवा ज्यांना नवऱ्यानं टाकलंय, त्यांनी कुणाचा आधार द्यायचा, यावर किती गोंधळ झाला, तेही पाहिलंय.

आणि फोन कुणाकडं आहे? त्याच २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या ५४ टक्के बायकांनी सांगितलं की त्या स्वतः वापरतात असा मोबाइल त्यांच्याकडं आहे. इंटरनेट कधी तरी वापरलेले पुरुष ५७ टक्के, बायका ३३. घरात एकच चांगला फोन असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात असतो. बाईच्या वाट्याला येतो तो काच फुटलेला, परात लहान असलेला. आता स्वस्त फोनच्या एकूण खर्चात मेमरीचा वाटा मोठा असतो. म्हणून मेमरी महागली की पन्नास हजारांच्या फोनपेक्षा आठ हजारांच्या फोनला फटका जास्त बसतो. एक तर त्याची किंमत वाढते, नाहीतर त्याच किमतीत परात लहान मिळते. जगातल्या श्रीमंत कंपन्यांच्या स्पर्धेचा भार शेवटी कुणाच्या फोनवर येतो, हे यातून स्पष्ट होतं.

परात लहान असली की काय होतं, हे आपल्या अंगणवाडीच्या भगिनींनी २०२१ मध्येच सगळ्या महाराष्ट्राला दाखवून दिलंय. २०१९ मध्ये राज्यातल्या एक लाखाहून जास्त सेविकांना सरकारी फोन मिळाले. त्यांची रॅम होती २ जीबी. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला. फोन तापायचे, बंद पडायचे, माहिती भरता भरता अर्ध्यावर अडकायचे. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. ॲपची भाषा इंग्रजी. माहिती भरली नाही तर मानधन कापण्याची धास्ती. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यात सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयात नेऊन परत केले. मोबाइल वापसी आंदोलन! तेव्हा काही अधिकारी म्हणाले, बायकांना तंत्रज्ञान जमत नाही. बायकांना सगळं जमत होतं. सरकारनं त्यांच्या हातात लहान परात देऊन पंगतीचं पीठ मळायला सांगितलं होतं.

आज चेहरा ओळखणारं ॲप त्याहून जड आहे. आमच्या भागातल्या एका सेविकेनं हप्त्यावर स्वतःचा फोन घेतलाय. ती मला म्हणाली, "ताई, लेकराचा खाऊ माझ्या फोनमधी अडकला तर माय माझ्या तोंडाकडं बघती. मी सरकारच्या तोंडाकडं कुठं बघू?" आता हा फोन बिघडला तर पुढचा ती कोणत्या भावानं घेणार?

बरं, सरकारकडं पैसा नाही असंही नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मिशनसाठी १० हजार ३७२ कोटी रुपये मंजूर केले. त्यातून कंपन्यांना आणि संशोधकांना महागड्या चिपची ताकद तासाला सुमारे ६५ रुपये अशा सवलतीच्या दरानं मिळते. गुजरातमध्ये साणंदला मायक्रॉनचा मेमरी जोडणी आणि तपासणीचा कारखाना २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याच्या खर्चाचा ५० टक्के भार केंद्रानं आणि २० टक्के गुजरात सरकारनं उचलायचं ठरवलं. २०२६ च्या अर्थसंकल्पात भारतातल्या डेटा सेंटरमधून जगाला सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांना २०४७ पर्यंत करसवलत जाहीर झाली. हे सगळं वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. देशात कारखाने यावेत, संशोधन व्हावं. खरं सांगायचं तर आमच्या प्रकल्प-अहवालाचं इंग्रजी मीसुद्धा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून नीट करून घेते. तेव्हा यंत्र फोडा असं मी सांगायला आलेली नाही. माझा प्रश्न साधा आहे. मोठ्यांसाठी सवलतीचा दर ठरवता येतो, तर अंगणवाडीच्या फोनसाठी का नाही? १९९१ पासून आपण ऐकतोय की बाजाराला मोकळं सोडा, सरकारनं लुडबुड करू नये. मग ही लुडबुड नाही तर काय आहे? सरकार बाजारात आहेच. ते कुणाच्या बाजूनं उभं आहे, एवढंच विचारायचं.

आणि बाजार आपोआप न्याय करतो, हेही या धंद्याच्या इतिहासात खरं ठरलेलं नाही. १९९८ ते २००२ या काळात मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपसात भाव ठरवले. अमेरिकेत चौकशी झाली. २००५ मध्ये सॅमसंगला ३० कोटी डॉलर आणि हायनिक्सला १८.५ कोटी डॉलर दंड झाला. मायक्रॉननं तपासाला मदत केली म्हणून ती दंडातून सुटली. युरोपीय आयोगानं २०१० मध्ये अशाच प्रकरणात कंपन्यांना ३३ कोटी युरोंहून जास्त दंड केला. आजची टंचाई संगनमतानं केलेली आहे, असा माझा आरोप नाही. तसा पुरावा माझ्याजवळ नाही. पण जिथं तीनच विक्रेते आहेत आणि त्यांचा मागचा इतिहास असा आहे, तिथं कुणीतरी पहाऱ्यावर असायला हवं. आपल्याकडं २००२ चा स्पर्धा कायदा आहे, भारतीय स्पर्धा आयोग आहे. परदेशात घडलेल्या व्यवहाराचा परिणाम भारताच्या बाजारावर होत असेल तर त्याची चौकशी करण्याचा अधिकार या कायद्याच्या ३२ व्या कलमानं आयोगाला दिलाय. म्हणजे दार आहे. आपण ते ठोठावायला हवं.

कमी असलेली गोष्ट आधी कुणाला द्यायची, याचा नियम करता येतो. हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. मांजरा धरण आपल्या केज तालुक्यात. २०१६ च्या दुष्काळात ते कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. बायका टँकरपुढं रांगेत असताना मैदानाला पाणी मारायचं नाही. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम दिलाय. तो क्रम रोज पाळला जातो असं नाही, उसाला पाणी कसं जातं ते आपण बघतोच. पण नियम कागदावर आहे म्हणून आपल्याला भांडता येतं. मेमरीच्या बाबतीत असा कुठलाच क्रम कागदावर नाही. शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र यांचा नंबर आधी, असं कुठंही लिहिलेलं नाही.

करांचंही तसंच. एप्रिल २०२० मध्ये मोबाइलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये कराचे दर बदलले, तेव्हा एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ वर आले. मोबाइल आणि संगणक मात्र १८ वरच राहिले. मैत्रिणींनो, सॅनिटरी पॅडवर १२ टक्के जीएसटी होता. देशभरातल्या बायकांनी आवाज उठवला आणि जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला. तेव्हाही लोक म्हणत होते, कराशी बायकांचा काय संबंध?

तर आपण काय करायचं? मी चार गोष्टी तुमच्यापुढं ठेवते. यावर गटात चर्चा करा, दुरुस्त करा.

पहिली. जिथं यंत्र सक्तीचं, तिथं यंत्र सरकारचं. सेविका असो, आशा असो, कुणालाही स्वतःच्या मानधनातून फोन घ्यायला लागू नये. आणि सरकारी खरेदीच्या निविदेत रॅम किती, हे ॲपच्या गरजेप्रमाणं लिहिलेलं असावं. भाव वाढला म्हणून परात लहान करायची नाही. पुढची खरेदी निघेल तेव्हा माहिती अधिकारात निविदा मागवू या आणि हा एक आकडा तपासू या.

दुसरी. फोन अडला म्हणून हक्क अडणार नाही. यंत्र चाललं नाही तर वहीत नोंद करून आहार द्यायचा, पैसे द्यायचे, असा लेखी आदेश आपण मागू या. आणि आजपासून प्रत्येक गटानं एक वही घालावी. कोणत्या तारखेला, कोणत्या गावात, कोणत्या कामासाठी बाईला 'फोन चालत नाही' म्हणून परत पाठवलं, ते लिहावं. नुसतं "फार त्रास होतो" म्हटलं की साहेब मान हलवतात. तारीखवार वही पुढं ठेवली की मान हलवून भागत नाही.

तिसरी. बाजाराबद्दल बोलायला शिकू या. स्वस्त फोनवरचा आणि शिकण्यासाठीच्या साध्या संगणकावरचा कर कमी करा, हे निवेदन आपल्या खासदारांना देता येईल. स्पर्धा आयोगानं मेमरीच्या भाववाढीत लक्ष घालावं, असं पत्र राज्यातल्या सगळ्या स्त्री संघटनांना मिळून लिहिता येईल. ज्या कंपन्यांना आपल्या करातून मदत मिळते, त्यांच्या मालातला ठराविक वाटा शाळा आणि अंगणवाड्यांना ठरल्या भावानं द्या, ही अट घाला असं म्हणता येईल. कोयत्याचा दर काय आपोआप वाढला? संप झाले, बैठका झाल्या, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. भाव हा पाऊस नाही. तो माणसं ठरवतात, आणि माणसांशी भांडता येतं.

चौथी गोष्ट आपल्याच हातातली. जुनं फेकू नका. आम्ही सहा संगणक घेतले आणि मग गावोगाव विचारत फिरलो. एका कॉलेजच्या अडगळीत बंद पडलेली यंत्रं होती. ती रद्दीत जाणार होती. ओळखीच्या एका तरुण मेकॅनिकनं त्यातली रॅम काढली, दोघांची एकात बसवली, त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकली. त्याच्या शेजारी बसून आमच्या चार मुली हे काम शिकल्या. आता रॅम काढणं-बसवणं त्यांना येतं. सहाचे आठ झाले. एम.एस.-सी.आय.टी.च्या परीक्षेला विंडोज लागतं, त्यासाठी सहा आहेत. टायपिंग, हिशेब, पत्र लिहिणं या दोघांवर चालतं. दहाची गरज आठवर भागत नाही, हे मी कबूल करते. एका यंत्रावर दोघी बसल्या की एक टाइप करते आणि दुसरी बघते. बघणारी नेहमी तीच असते, जी घरातही शेवटी जेवते. म्हणून आम्ही घड्याळ लावलंय. पंधरा मिनिटं झाली की जागा बदलायची.

शेवटी त्या मुलीबद्दल. फड संपल्यावर ती परत आली. हात सोललेले, पाचटानं चिरलेले. घरी बोचकं टाकलं आणि तडक आमच्या खोलीवर आली. दारात उभी राहून तिनं एकच विचारलं, "ताई, मशिनी आल्या का?" मी म्हटलं, "आल्या गं, आठ आल्या." तिनं यंत्रं मोजली, बसलेल्या मुली मोजल्या आणि म्हणाली, "मग माझा नंबर कधी?"

आम्ही तिचं नाव पुढच्या तुकडीत पहिलं लिहिलंय. दिवाळीच्या आधी ती तुकडी पुरी व्हायला हवी, कारण त्यानंतर पुन्हा टोळी निघेल आणि पुन्हा उचल येईल. तिच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मी दिलंय. पण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, आणि त्याचं उत्तर देण्याची जबाबदारी माझ्या एकटीची नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर गटचर्चा आहे. वह्या काढा, आणि तुमच्या गावात कुणाकुणाचा नंबर लागायचा राहिलाय, तिथून सुरुवात करू या.